तेरड्याचा रंग किती दिवस?

श्रावण सरून भाद्रपद लागला की शहापूर-मुरबाडच्या माळांवर तेरड्याला बहर येतो. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या कड्यांपर्यंत, शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, घराच्या कुडाशेजारी, जिथे म्हणून थोडी ओल आणि थोडा उजेड असेल तिथे ही गुलाबी फुले डोलताना दिसतात. ज्येष्ठागौरींच्या आगमनाची वर्दी पंचांगाच्या आधी तेरडाच देतो, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

गौरीचे रूप प्रांतोप्रांती निराळे. कोठे मुखवटे मांडतात, कोठे नदीकाठचे खडे पुजतात, कोठे कागदावरील चित्राची पूजा होते. कोकणपट्टीत आणि आमच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अनेक घरी गौर येते ती तेरड्याच्या रूपाने. मुळांसकट उपटलेली रोपे स्वच्छ धुऊन, त्यांची जुडी बांधून कुमारिका आणि माहेरवाशिणी ती घरी आणतात. तेरड्याची मुळे म्हणजे गौरीची पावले, अशी श्रद्धा आहे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा पाहुणचार. तोवर तेरड्याची फुले मलूल होऊन गळू लागलेली असतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण अशाच अनुभवातून आली असावी. क्षणिक वैभवाला, चार दिवसांच्या उत्साहाला आपण ती सहज लावतो.

ही म्हण फुलापुरती खरी आहे. नखापुरती मात्र ती खरी नाही, हे आम्हांस आमच्या आत्याने शिकवले.

आत्याचा पाटा

आमचे गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. आमच्या लहानपणी गौरी-आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी घरातील साऱ्या मुली आणि सुना पडवीत जमत. भाताची लावणी केव्हाच आटोपलेली असे. पण महिनाभर चिखलात राबलेल्या हातांची नखे काळवंडलेली, कडेने चिरलेली असत. आत्या दुपारीच कुंपणाजवळचा तेरडा खुडून आणी. पूजेच्या रोपांना ती हात लावू देत नसे. “गौरीचा तेरडा गौरीला, आपला तेरडा आपल्याला,” हा तिचा दंडक. मग पाट्यावर फुले, पाने आणि तुरटीचा खडा एकत्र वाटून ती प्रत्येकीच्या नखांवर त्या लगद्याची चिमूट ठेवी आणि वरून केळीच्या पानाचा तुकडा गुंडाळून दोरा बांधी. दहाही बोटे बांधलेल्या अवस्थेत झोपावयाचे, ही एक परीक्षाच असे. डास चावला तरी मारता येत नसे, पांघरूण सरकले तरी ओढता येत नसे. सकाळी दोरे सुटले की नखे केशरी-तांबूस झालेली दिसत आणि रात्रीच्या हालांचे काही वाटेनासे होई.

इतक्या जणींची नखे रंगवणारी आत्या स्वतःच्या नखांना मात्र तेरडा लावत नसे. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. वाटण झाले की ती चिंचेचा कोळ आणि राख घेऊन आपली बोटे घासघासून धूत असे. ती असे का करते हे आम्ही कधी विचारले नाही. आणि कोणी सांगितलेही नाही.

पुढे घरात नेलपॉलिशच्या बाटल्या आल्या. मुरबाड तालुक्यातील म्हसाच्या यात्रेत बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांतूनही त्या मिळू लागल्या. पाट्यावरचे वाटण हळूहळू मागे पडले. आत्याही थकली. गेली कित्येक वर्षे आमच्या घरात तेरडा केवळ पूजेपुरता उरला होता.

डावा हात आणि उजवा हात

गतवर्षी गौरींसाठी सारे कुटुंब एकत्र आले, तेव्हा पुतण्या-भाच्यांनी नखे सजवण्याची एक पेटीच बरोबर आणली होती. तीत बारीक कुंचले होते, ठिपके देण्यासाठी गोल टोकाच्या सळ्या होत्या, चिकटवावयाच्या नक्ष्या होत्या आणि रंग कडक करणारा एक छोटा दिवाही होता. ती सामग्री पाहून आम्हांस आत्याचा पाटा आठवला. मग एक गंमत ठरली: डाव्या हातावर तेरडा, उजव्या हातावर बाटलीतला रंग, आणि कोणता किती टिकतो ते पाहावयाचे. मुरबाडहून, धसईच्या बाजूने आलेल्या वहिनी या प्रयोगात सामील झाल्या. त्यांच्या माहेरीही पूर्वी मुली तेरड्याने नखे रंगवीत.

पहिला प्रयत्न फसला, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे. नुसत्या पाकळ्या पाणी घालून वाटल्या, तासभर नखांवर ठेवल्या आणि काढून पाहतो तो फिकट पिवळसर छटेपलीकडे काही नाही. अखेर आत्याला विचारावे लागले. ती खाटेवरूनच म्हणाली, “पाणी कशाला घातलंत? आणि पानं कुठायत?”

तिने सांगितलेली रीत वाचक भगिनींसाठी येथे देत आहोत. दोन मुठी फुले आणि एक मूठ कोवळी पाने सावलीत अर्धा दिवस पसरून ठेवावीत, म्हणजे त्यांतील पाणी कमी होते. मग हरभऱ्याएवढा तुरटीचा खडा घालून, पाणी न घालता, बारीक वाटावे. नखे आधी कापून साबणाने धुवावीत. जुना रंग किंवा तेलकटपणा नखावर राहता कामा नये. नखाभोवतीच्या कातडीला खोबरेल तेलाचे बोट लावावे, म्हणजे कातडी फारशी रंगत नाही. परंतु नखावर तेल जाऊ देऊ नये. वाटणाची लहानशी टिकली नखावर दाबून बसवावी आणि पानाने गुंडाळून सैलसर दोरा बांधावा. दोरा घट्ट बांधल्यास बोट बधिर होते. रात्रभर तसेच ठेवून सकाळी कोरडेच खरवडून काढावे आणि काही तास साबण लावू नये. रंग गडद हवा असल्यास दुसऱ्या रात्री पुन्हा हीच कृती करावी.

आम्ही प्रत्येक बोटाला निराळा न्याय दिला. तर्जनीला एक तास, मध्यमेला दोन तास, अनामिकेला एक रात्र आणि करंगळीला दोन रात्री. तर्जनीवर फिकट नारिंगी, मध्यमेवर किंचित गडद, अनामिकेवर स्पष्ट केशरी आणि करंगळीवर विटकरीकडे झुकणारा तांबडा रंग आला. फुले गुलाबी असली तरी नखावर गुलाबी रंग येत नाही, हे पाहून मुलींना आश्चर्य वाटले. आत्याला मात्र ते ठाऊकच होते.

नक्षीचे प्रयोग

एकसारख्या रंगावर मुलींचे समाधान होईना. त्यांना चंद्रकोर हवी होती. नखाच्या मुळाशी कोर कोरी ठेवून बाकीचे नख रंगवावयाचे, तर कोरेवर काहीतरी झाकण हवे. प्रथम कणकेची बारीक वळी लावून पाहिली. तिनेच रंग शोषून घेतला आणि कोर पसरट झाली. मग मेणबत्तीचे कोमट मेण काडीने लावले. ते रात्रीतून तडकले. शेवटी जखमेवर लावावयाची चिकटपट्टी कात्रीने कोरीच्या आकारात कापून बसवली, आणि सकाळी सुरेख पांढरी चंद्रकोर उमटली.

तेरड्याचे वाटण भरड असल्याने त्याने रेघ काढता येत नाही. वेलबुट्टी हवी असेल तर मेंदीच बरी. मेंदीची पूड तलम कापडातून चाळून, लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून भिजवावी आणि बारीक तोंडाच्या कोनाने नखावर रेघ ओढावी.

उजव्या हाताच्या नेलपॉलिशसाठी वहिनींनी एक नामी युक्ती काढली. ठिपके देण्याच्या सळ्या बाजूस ठेवून त्यांनी बांबूची बारीक काडी घेतली आणि तिचे टोक चावून कुंचल्यासारखे केले. आपल्या भागातील वारली भगिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात तो अशाच काडीने. आणि याच कलेला जिव्या सोमा म्हसे यांनी साऱ्या जगात नेले, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वहिनींनी तांबड्या नखावर पांढऱ्या रंगाने तारपा नृत्यातील माणसे काढावयास घेतली. अंगठ्याच्या नखावर तीन माणसे मावली. चौथ्याला जागा उरली नाही. दुकानातील सळईपेक्षा ती काडी हाताला अधिक सोयीची वाटली, हे मात्र खरे.

रंगाचे शास्त्र

तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्सामिना. लिनियसने १७५३ साली ते नोंदवले. ‘इम्पेशन्स’ म्हणजे अधीर. पिकलेल्या बोंडाला नुसता स्पर्श झाला तरी ते फुटून बी दूर उडते, त्यावरून हे नाव पडले. ज्या कोणी लहानपणी ही बोंडे फोडली असतील त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

मेंदीत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. तेच, आणि त्याच्या जातकुळीतील आणखी एक द्रव्य, तेरड्यातही आढळते. केस, कातडी आणि नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्याच्याशी हे द्रव्य घट्ट बांधले जाते. कातडीचा वरचा थर सतत झडत असल्याने हातावरची मेंदी काही आठवड्यांत जाते. नख मात्र झडत नाही. ते मुळाकडून पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि संपूर्ण नख नवे येण्यास सहा महिने लागतात. म्हणजे भाद्रपदात रंगलेल्या नखावर दिवाळीलाही अर्धा रंग शिल्लक असतो.

नेलपॉलिशची गोष्ट निराळी. तो नखावर वाळलेला पापुद्रा होय. त्यातील नायट्रोसेल्युलोज हे द्रव्य पूर्वी मोटारींच्या रंगातही वापरले जाई. द्रवरूप नेलपॉलिश अमेरिकेत १९१७च्या सुमारास बाजारात आले. आपल्याकडे टाटा समूहाने १९५२ साली लॅक्मे कंपनी काढली आणि देशी प्रसाधने घरोघर पोहोचली. नेलपॉलिशचा थर पाण्याला अडवतो. म्हणून नमाजापूर्वी वजू करणाऱ्या मुस्लिम भगिनी नखांना मेंदी पसंत करतात. मेंदीचा रंग नखातच मुरलेला असतो, पाणी त्याने अडत नाही.

तेरड्याने नखे रंगवणे ही केवळ आपलीच रीत नव्हे. कोरियात मुली उन्हाळ्यात तेरड्याची फुले-पाने तुरटीसह ठेचून नखांवर रात्रभर बांधतात. पहिला बर्फ पडेपर्यंत तो रंग टिकला तर पहिले प्रेम सफल होते, असा तिकडचा समज आहे. जपानच्या ओकिनावा बेटांवर ‘तिन्सागु नु हाना’ हे लोकगीत प्रसिद्ध आहे. नखावर मुरणाऱ्या तेरड्याच्या रंगाचा दाखला देऊन ते आईवडिलांच्या शिकवणीची महती सांगते. आत्याची कृती आणि कोरियातील कृती यांत तुरटीपर्यंतचे साम्य पाहून आम्ही थक्क झालो.

या रीतीमागे शोभेइतकाच उपयोगही असावा. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात आणि त्यांवर मेंदी लावण्याचा उपाय घरोघर ठाऊक आहे. मेंदी आणि तेरडा या दोहोंतील रंगद्रव्यांत बुरशीला रोखण्याचा गुण प्रयोगशाळेत आढळला आहे. अर्थात नख जाड, पिवळे किंवा ठिसूळ झाले असेल तर त्यावर रंग चढवून ते झाकू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सणाच्या दिवसांत घ्यावयाची काळजी

नेलपॉलिश आणि ते पुसण्याचे द्रव्य दोन्ही चटकन पेट घेतात. सणाच्या घरात समई, निरांजन आणि चूल सतत पेटलेली असते, तेव्हा बाटल्या देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवाव्यात. नखे पुरती वाळल्याखेरीज आरतीचे तबक हाती घेऊ नये. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात केस काळे करण्याचे तीव्र रसायन असू शकते. त्याने हातांवर फोड आल्याची उदाहरणे डॉक्टरांना परिचित आहेत. खऱ्या मेंदीचा रंग तांबूसच असतो, हे ध्यानात ठेवावे. तेरडाही प्रथम एकाच नखावर लावून पाहावा. खाज सुटल्यास धुऊन टाकावा. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी नखे रंगवू नयेत, कारण बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या उपकरणाला नखावरचा रंग अडथळा करू शकतो. आणि तेरडा पुसता येत नाही.

तीन दिवसांचा निकाल

आवाहनाच्या दिवशी उजवा हात डाव्यापेक्षा निश्चित देखणा होता. त्यावर तांबडा, पांढरा, सोनेरी असे रंग होते. डाव्यावर एकच केशरी. पूजनाच्या दिवशी पुरण वाटले, घावन-घाटले झाले, ढीगभर भांडी घासली गेली. सायंकाळी उजव्या हाताच्या नखांच्या कडा उडालेल्या दिसल्या. विसर्जनाच्या दिवशी तारप्याच्या नाचातील एक माणूस नाहीसा झाला होता. डावा हात होता तसाच होता. तीन दिवसांचा रंग ठरला तो बाटलीतला!

न्यायाने सांगावयाचे तर बाटलीचेही गुण आहेत. हवा तो रंग घ्यावा, पाच मिनिटांत लावावा, नको झाला तर पुसावा. तेरड्याला रात्रभराचा धीर लागतो आणि तो माघार घेऊ देत नाही. परंतु ज्या हातांना रोज भांडी, शेण, माती आणि पाणी यांत राहावयाचे आहे, त्या हातांना तेरडाच साथ देतो. ही रीत आपल्याकडे का रुजली, याचे उत्तर आम्हांस त्या मोरीत भांडी घासताना मिळाले.

आत्याची करंगळी

या साऱ्या गमतीत एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

दुसऱ्या रात्रीचे वाटण आत्याने स्वतः केले. ऐंशीच्या घरातील ती बाई पाट्यापुढे बसली आणि तिच्या हाताखाली फुलांचा लगदा पाहता पाहता लोण्यासारखा झाला. सगळ्यांची नखे बांधून झाल्यावर ती नेहमीप्रमाणे चिंच शोधू लागली. तेवढ्यात आमच्या धाकट्या पुतणीने तिचा हात धरला.

“आत्याआजी, आता तुझी नखं.”

“माझी नको गं. आमच्यासारखीच्या बोटांना रंग शोभत नाही.”

“मग वाटताना लागतो तो?”

आत्या काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. इतक्या वर्षांत जो प्रश्न आम्हांस विचारता आला नाही, तो त्या पोरीने सहज विचारला होता.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा, असे परिपत्रक राज्य शासनाने त्याच महिन्यात काढले. आम्ही ती वार्ता वाचली होती, तिचे कौतुकही केले होते. परंतु आपल्याच पडवीत, आपल्याच पाट्यापाशी त्या ठरावाचे काम आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. गौर ही माहेरवाशीण. आणि जिने सारे आयुष्य माहेरी काढले, तिचाच हात आम्ही कोरा ठेवला होता.

बऱ्याच वेळाने आत्याने करंगळी पुढे केली. “एवढीच,” ती म्हणाली. पुतणीने वाटणाची टिकली बसवली, पान गुंडाळले, दोरा बांधला. सकाळी तो सुटला तेव्हा त्या सुरकुतलेल्या बोटावर केशरी नख उजळले होते. पूजनाच्या वेळी आत्याने तो हात पदरात लपवला. विसर्जनाला निघताना मात्र तेरड्याची जुडी तिने दोन्ही हातांत धरली होती, आणि ओढ्याच्या काठी जमलेल्या गावातील बायकांना ती करंगळी दिसली. एकीने विचारले, “आत्या, रंग छान चढलाय. तुरटी किती घातली?” तेवढेच.

दिवाळीत आम्ही पुन्हा गावी गेलो. नखाचा खालचा भाग कोरा झाला होता, वर अर्धे नख अजून तांबूस होते. पुतणी नखे कापावयास बसली तर आत्या म्हणाली, “करंगळीचं राहू दे, भाऊबीज होऊ दे.”

यंदाही माळांवर तेरडा फुलला आहे. परवाच गावाहून आत्याचा निरोप आला: येताना तुरटी आणावी, घरातला खडा संपत आला आहे, आणि यंदा फुले दोन मुठी अधिक खुडावीत, कारण शेजारच्या दोघी-तिघींनी विचारले आहे.